विश्लेषण : लातूर मुले घडवते, नांदेड वाण घडवते, मग परतावा जातो कुठे?

जून उजाडला की लातूरच्या बसस्थानकाबाहेर गादीची वळकटी, पत्र्याची पेटी आणि बादली घेतलेले पालक दिसू लागतात. सोबत दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. ‘ट्यूशन एरिया’ एवढे पुरते. या भागाची जुनी ओळख ‘उद्योग भवन परिसर’. नावात उद्योग राहिला; रस्त्यावर मात्र शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने.

शेजारच्या नांदेडची ओळख शिकवणीपुरती नाही. तिथल्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एनएचएच-४४’ हा संकरित कापूस दिला. शेतकरी त्याला नुसते ‘नांदेड-४४’ म्हणत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात या वाणाने पैसा आणला.

शिक्षण आणि संशोधन यांवर केलेला खर्च म्हणजे देशाच्या वाढीतली गुंतवणूक, असे अर्थशास्त्र सांगते. मग ज्या दोन जिल्ह्यांनी यातली एकेक बाजू करून दाखवली, त्यांचे दरडोई उत्पन्न आजही राज्याच्या सरासरीपेक्षा कमी का? या प्रश्नात शिक्षणाच्या अर्थकारणाचा एक महत्त्वाचा धडा दडला आहे.

‘लातूर पॅटर्न’ म्हणजे नेमके काय?

लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. त्याआधीच येथे महाविद्यालये उभी राहिली होती. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. पुढच्या काळात येथील काही प्राचार्य-प्राध्यापकांनी एक साधी पद्धत बसवली. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, सुट्टीतही तास घ्यायचे, चाचणीमागून चाचणी घ्यायची, उत्तरपत्रिका तपासून चूक नेमकी कुठे झाली ते दाखवायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे.

बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली, तेव्हा राज्याने या पद्धतीला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव दिले. पुढे सीईटी आली, मग नीट आली. महाविद्यालयांच्या सोबतीने खासगी शिकवणी वर्ग वाढले आणि पॅटर्नचे बाजारात रूपांतर झाले. नांदेडमध्येही भाग्यनगर, श्यामनगर भागांत तेच घडले. आज वैद्यकीय प्रवेशाची तयारी म्हटले की राज्यात या दोन शहरांची नावे आधी येतात.

कुटुंबासाठी ही गुंतवणूक किती मोठी?

समजा, अहमदपूर किंवा कंधार तालुक्यातील एका कुटुंबाकडे चार एकर कोरडवाहू जमीन आहे. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरले तर ३२ क्विंटल होते. २०२४ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे सगळा माल हमीभावाने गेला तरी हाती येणार १ लाख ५६ हजार ५४४ रुपये. त्या हंगामात बाजारातला दर बराच काळ हमीभावाच्या खाली होता, हे वेगळे. बियाणे, खत, फवारणी आणि काढणीचा खर्च यातून वजा करायचा. उरलेल्या रकमेतून शिकवणीची फी, खोलीभाडे आणि खानावळ भागवायची. बहुतेकदा भागत नाही. मग सोने गहाण पडते, पीककर्जाचा पैसा तिकडे वळतो किंवा एखादा एकर विकला जातो.

कागदोपत्री याला ‘घरखर्च’ म्हणतात. प्रत्यक्षात ही मराठवाड्यातील सर्वात मोठ्या खासगी गुंतवणुकींपैकी एक आहे. जोखीमही तशीच. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाखापेक्षा थोड्या अधिक. म्हणजे शंभरातल्या चार-पाच जणांना जागा. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो आणि प्रदेशाच्या अर्थकारणालाही पडायला हवा.

शिक्षणाने वाढ होते हे कशावरून ठरले?

फार काळ असे मानले जाई की देश श्रीमंत होतो तो जमीन, यंत्रे आणि भांडवल यांमुळे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये आपल्या देशाच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. या चाळीस वर्षांत कामाच्या दर तासामागचे उत्पादन दुप्पट झाले होते. त्यातला जेमतेम आठवा हिस्सा वाढीव भांडवलातून आला होता. उरलेले सुमारे ८७ टक्के श्रेय त्यांनी ‘तांत्रिक बदला’ला दिले. म्हणजे तेवढीच माणसे, तेवढीच यंत्रे, पण काम करण्याची रीत सुधारलेली. सोलो यांना १९८७ मध्ये नोबेल मिळाले.

ही रीत सुधारते कोण? थिओडोर शुल्त्झ यांनी उत्तर दिले : शिकलेला माणूस. शाळा, प्रशिक्षण आणि आरोग्य यांवरचा खर्च हा उपभोग धरू नये, ती ‘मानवी भांडवला’तील गुंतवणूक आहे, असे त्यांनी १९६० च्या सुमारास मांडले. शुल्त्झ स्वतः शेतीचे अर्थतज्ज्ञ होते, ही गोष्ट मराठवाड्यासाठी महत्त्वाची. गरीब शेतकरी अडाणी नसतो, त्याला नवे ज्ञान आणि नवी साधने मिळाली की तो झपाट्याने बदलतो, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

जगभरातील अशा अभ्यासांचे संकलन २०१८ मध्ये झाले. शाळेतील एका जादा वर्षाने माणसाची कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते, असे त्यातून दिसले. त्याला एक महत्त्वाची पुस्ती एरिक हानुशेक आणि लुडगर वॉसमन या अभ्यासकांनी जोडली. देशाच्या वाढीचे नाते शाळेत काढलेल्या वर्षांशी कमी आणि मुलांना खरोखर काय येते याच्याशी अधिक असते. नुसता वर्ग भरून उपयोग नाही. तपासलेली वही परत देऊन चूक दाखवणारा मूळ लातूर पॅटर्न याच कसोटीवर उजवा ठरत होता.

संशोधनाचा परतावा कसा मोजतात?

संशोधनाबाबतचा सर्वात गाजलेला हिशेब शेतीतलाच आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात संकरित मका पसरला. अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५८ मध्ये त्या संशोधनावर झालेला सगळा सरकारी आणि खासगी खर्च एका बाजूला आणि वाढीव पिकाचे मूल्य दुसऱ्या बाजूला मांडले. १९५५ पर्यंतच्या आकड्यांवरून परतावा वर्षाला किमान ७०० टक्के निघाला.

त्यांच्या १९५७ च्या अभ्यासातील एक निरीक्षण याहून मोलाचे आहे. आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मका लवकर घेतला, अलाबामात तो बराच उशिरा पोहोचला. अलाबामाचे शेतकरी मागासलेले म्हणून असे झाले, असे वरवर वाटते. ग्रिलिकेस यांनी दाखवले की अलाबामाच्या माती-हवामानाला चालणारे वाणच तेथे उशिरा तयार झाले. एका ठिकाणचे बियाणे उचलून दुसरीकडे पेरता येत नाही. ज्या भागासाठी संशोधन होत नाही, तो भाग वाट पाहत बसतो.

भारतातील आकडेही बोलके आहेत. कृषी संशोधनावर खर्च केलेल्या एका रुपयामागे १३ रुपये ८५ पैसे परतावा मिळतो, असा राष्ट्रीय कृषी अर्थशास्त्र व धोरण संशोधन संस्थेचा अंदाज केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात उद्धृत झाला आहे. इतका भरवशाचा परतावा देणाऱ्या सरकारी योजना फार नाहीत.

‘नांदेड-४४’ ने काय साधले?

मराठवाड्यातील कापूस बहुतांश पावसाच्या भरवशावर. पाऊस महिनाभर दडी मारतो, मग एकाच आठवड्यात कोसळतो. अशा लहरी पावसात टिकणारे झाड हवे होते. नांदेडचे केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करते. केंद्रातील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या एनएचएच-४४ मध्ये दोन गुण होते. तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ते बऱ्यापैकी दाद देत नसे आणि ताण पडून गेल्यावर पाऊस आला की पुन्हा फुटून बहर धरत असे. मराठवाडा, विदर्भ आणि शेजारच्या राज्यांतील कोरडवाहू भागांत ते पसरले.

हे वाण सार्वजनिक पैशातून तयार झाले होते. त्यामुळे त्याचा लाभ एका कंपनीच्या ताळेबंदात न जाता हजारो शेतांत वाटला गेला. जिनिंगला माल मिळाला, हमालाला काम मिळाले, बाजाराच्या गावात उलाढाल वाढली. संशोधनाचा परतावा असा झिरपत जातो. म्हणूनच तो दिसत नाही आणि म्हणूनच अर्थसंकल्पात त्याच्यासाठी कोणी भांडत नाही.

मग हे वाण मागे का पडले?

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे जनुक असलेले पहिले तीन संकरित वाण महिको कंपनीचे होते. ही कंपनी मराठवाड्यातीलच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ती जालन्यात सुरू केली होती. खासगी संशोधनही याच मातीत रुजू शकते, याचा हा पुरावा. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पुढच्या दहाएक वर्षांत देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली गेले. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १,६०० रुपयांच्या आसपास मोजावे लागत. २००६ मध्ये राज्य सरकारांच्या हस्तक्षेपानंतर दर ७५० रुपयांवर आले. या धामधुमीत नांदेड-४४ कडे सगळे गुण होते, फक्त बीटी जनुक नव्हते. ते घालण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा, परवान्यांचे करार आणि पैसा सरकारी केंद्राकडे वेळेवर आला नाही. महाबीजच्या साहाय्याने या वाणाचे बीटी रूप बाजारात आले तोवर एका तपाहून अधिक काळ लोटला होता. दरम्यान शेतकरी दरवर्षी पाकिटे विकत घेत राहिला. त्यांतली बरीच वाणे बागायती जमिनीला शोभणारी होती, त्याच्या हलक्या कोरडवाहू रानाला नव्हे.

संशोधन एकदा करून संपत नाही, हेही याच पिकाने दाखवले. बोंडअळीने बीटीला प्रतिकार विकसित केला आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले. विहिरीचा गाळ जसा दरवर्षी काढावा लागतो, तसे वाणावर सतत काम करावे लागते.

आशेची बाजूही नांदेडमधूनच आली आहे. एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ हे बीटी कापसाचे सरळ वाण या केंद्राने अलीकडे विकसित केले. संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरच्या पिकातून राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. चार एकरवाल्यासाठी हा फरक मोठा आहे.

शिक्षण आणि संशोधन एकमेकांना कसे लागतात?

याचे उत्तर भारतातच सापडले. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी हरितक्रांतीच्या काळातील भारतीय शेतकरी कुटुंबांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. नवे बियाणे ज्या जिल्ह्यांच्या जमिनीला मानवले, तेथे प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकऱ्याचे उत्पन्न न शिकलेल्यापेक्षा अधिक वाढले. जेथे नवे तंत्र पोहोचलेच नाही, तेथे शिकल्याचा शेतीत फारसा फायदा दिसला नाही. आणि जेथे फायदा दिसला, तेथे पालकांनी मुलांना अधिक प्रमाणात शाळेत घातले.

सरळ अर्थ असा : करायला काही नवे असेल तरच शिकलेल्या डोक्याची किंमत वाढते. संशोधन नवे काही पुरवते, शिक्षण ते वापरणारा माणूस पुरवते. बैलगाडीला दोन चाके लागतात. एकाच चाकाची गाडी जागच्या जागी फिरते.

लातूर-नांदेडमध्ये ही दोन चाके जुळतात का?

संस्थांची कमतरता आहे असे म्हणता येत नाही. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या या प्रदेशाने शून्यातून सुरुवात केली. नांदेडमध्ये १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. पुढे नरहर कुरुंदकर यांच्यासारखा विचारवंत तेथे प्राचार्य झाला. १९८१ मध्ये विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था आली. १९८८ मध्ये नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, नंतर लातूरला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. वाघमारेच. लातूरच्या कॉलेजातून आलेला माणूस नांदेडच्या विद्यापीठाची पायाभरणी करतो, यात या दोन शहरांचे नाते दिसते. लातूरमध्ये गळीतधान्ये संशोधन केंद्र आहे. तेथून सूर्यफुलाचे संकरित वाण निघाले. कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही तेथे आहे.

अडचण जुळणीची आहे. जीवशास्त्रातले जवळपास सगळे प्रश्न बिनचूक सोडवणारी मुलगी ज्या शहरात दोन वर्षे राहते, त्याच शहरात पिकांच्या जनुकांवर काम करणारे महाविद्यालय आहे. तिला त्याचे दार कधी दिसत नाही. नीट झाले तर ती मुंबई-पुण्याला जाते, नाही झाले तर ‘रिपीट’ करते. नांदेडचे चित्रही असेच. शहरात कापसाचे संशोधन केंद्र आहे, अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रोद्योगाचा विभाग आहे, निजामकाळातील उस्मानशाही मिलची आठवण आहे. मिल बंद पडली. मराठवाड्याचा बहुतांश कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो.

लातूरच्या आडत बाजाराने सोयाबीन आणि तुरीत देशभर नाव कमावले. तेल गिरण्या आणि डाळ मिल येथे आहेत. पण सोयाबीनचे येथील अनेक वर्षांचे लाडके वाण जेएस-३३५ जबलपूरहून आले. परभणीने एमएयूएस-७१, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ असे वाण देऊन ही पोकळी भरायला घेतली. पैकी १६२ हे यंत्राने काढणी करण्याजोगे उंच वाढते, मजूरटंचाईत ते कामाला येते. असे काम वाढवायचे तर शास्त्रज्ञ हवेत आणि राज्यातील कृषी विद्यापीठांमध्ये मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिकामा आहे.

बाहेर गेलेला मुलगा म्हणजे नुकसानच का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात नोकरी करणारा मुलगा घरी पैसे पाठवतो, बहिणीचे शिक्षण करतो, गावाकडे विहीर बांधतो. अनेक डॉक्टर परत आले म्हणूनच लातूर आणि नांदेड आज आसपासच्या तालुक्यांसाठीच नव्हे, तर कर्नाटक-तेलंगणाच्या सीमाभागासाठीही उपचाराची केंद्रे झाली आहेत. शिवाय ज्याने पोटाला चिमटा घेऊन शिक्षण घेतले, त्याने गावातच राहावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

प्रश्न व्यक्तीचा नसून हिशेबाचा आहे. शिकवणीचा खर्च सोयाबीनच्या पैशातून होतो. त्या शिक्षणातून तयार झालेले कौशल्य, भरला जाणारा कर, निघणारे उद्योग आणि पुढच्या पिढीला मिळणारे मार्गदर्शन यांतला मोठा वाटा दुसऱ्या शहराच्या खात्यात जमा होतो. पेरणी इथली, रास तिकडची.

स्थानिक संधी नसल्याची किंमत या भागाने आधीही मोजली आहे. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के उर्वरित राज्याला, असे सूत्र अनेक वर्षे होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, त्यामुळे चांगले गुण असूनही येथील मुलांची वाट अडत असे. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. मुलांची गुणवत्ता आधीही होती. कमी होत्या त्या जवळच्या जागा.

देश म्हणून भारत कुठे आहे?

जे दोन जिल्ह्यांत दिसते, तेच देशाच्या पातळीवर मोठ्या आकड्यांत दिसते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. लक्ष्य अजून गाठलेले नाही.

संशोधनावर भारताने २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के. त्याआधीच्या दशकाच्या सुरुवातीला हेच प्रमाण ०.८ टक्क्यांच्या आसपास होते. त्याच सुमारास चीनचा खर्च सुमारे २.४ टक्के, अमेरिकेचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियाचा पावणेपाच टक्क्यांहून जास्त होता. चीन आणि कोरियात यातला तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पैसा उद्योग घालतात. भारतात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाच्या थोडा वर आहे.

केंद्राने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्यात आहे आणि राज्य विद्यापीठांतील संशोधनाला बळ देणे हा त्याचा एक हेतू आहे. जुलै २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी १ लाख कोटींच्या निधीलाही मंजुरी मिळाली. हा पैसा बेंगळूरु, पुणे, हैदराबादपुरताच राहतो की नांदेड-परभणीपर्यंत येतो, यावर मराठवाड्यासाठी त्याचे मोल ठरेल.

कोरियाने ही गळती कशी थांबवली?

१९६० च्या दशकातील दक्षिण कोरिया गरीब होता. पालक जमीन-जनावरे विकून मुलांना शिकवत आणि हुशार मुले अमेरिकेत जाऊन तेथेच राहत. ही कथा लातूरकराला ओळखीची वाटेल. १९६६ मध्ये सरकारने ‘किस्ट’ ही संशोधन संस्था काढली आणि परदेशातील कोरियन शास्त्रज्ञांना घर, पगार आणि काम करण्याची मोकळीक देऊन परत बोलावले. त्यांना उद्योगांचे प्रत्यक्ष प्रश्न सोडवायला दिले. १९७१ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची संस्थाही सुरू केली. परतलेल्यांना काम मिळाले, मग घरी असलेल्यांना थांबावेसे वाटले. केवळ भावनिक आवाहनाने हे झाले नसते.

लातूर-नांदेडसाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, असलेल्या संस्थांमधील रिकाम्या जागा भरणे. नवी इमारत बांधण्यापेक्षा हे स्वस्त आणि फळ लवकर देणारे. कापसाचे वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. आज रिकामे असलेले पद म्हणजे पुढच्या दशकात न आलेले वाण.

दुसरी, शिकवणीच्या शहराला प्रयोगशाळेची ओळख. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन केंद्रांची दारे वर्षातून चार दिवस उघडली, तरी नीटपलीकडचा रस्ता असतो हे मुलांना कळेल. जागा न मिळालेल्या लाखो मुलांना जीवशास्त्र येत नाही असे नाही. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा नाही, एवढेच.

तिसरी, पिकाला जोडलेला उद्योग. सोयाबीनपासून तेल आणि पेंड यांच्या पुढचे पदार्थ, तुरीची अधिक उतारा देणारी डाळप्रक्रिया, कापसापासून सूत आणि कापड. उद्योगाने प्रश्न द्यायचा, महाविद्यालयाने सोडवायचा. हरंगुळ येथील रेल्वे डबे कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. असा कारखाना कुशल हात मागतो. ते हात लातूरच्या आयटीआय-तंत्रनिकेतनातून गेले तर गुंतवणुकीचा फेरा याच जिल्ह्यात पूर्ण होतो.

मराठवाड्याच्या अनुशेषाचा हिशेब १९८४ च्या दांडेकर समितीपासून मांडला जातो. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य यांचे आकडे आता तोंडपाठ झाले आहेत. संशोधनाचा अनुशेष मात्र या चर्चेत क्वचितच येतो. २०११ च्या जनगणनेत लातूरची साक्षरता ७७ टक्क्यांवर आणि नांदेडची ७५ टक्क्यांवर होती, राज्याची ८२. हे अंतर मिटत जाईल. शिकलेल्याला काय करायला मिळते, यातले अंतर आपोआप मिटणार नाही.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा एखादा बाप सोयाबीनची पट्टी खिशात घेऊन ट्यूशन एरियात उतरेल. त्याने आपल्या वाटची गुंतवणूक केलेली असेल. त्याच्या रानाला मानवेल असे बियाणे आणि त्याच्या मुलीला परत यावेसे वाटेल असे काम, ही दुसऱ्या बाजूची गुंतवणूक आहे. ती एकट्या बापाच्या आवाक्यातली नाही.